रोजच्या फोनवर की जुन्या फोनवर? काली नेटहंटर टाकण्याआधी

फोनवर पेनटेस्टिंग (परवानगी घेऊन सिस्टममधल्या कच्च्या जागा शोधणं) शिकायचं म्हटलं की गाडी शेवटी काली नेटहंटरपाशी, म्हणजे काली लिनक्सची हॅकिंगची हत्यारं अँड्रॉइड फोनवर आणणाऱ्या संचापाशी येते. २०१४ साली गूगलच्या नेक्सस फोनांसाठी तो पहिल्यांदा आला. आज त्याचे तीन प्रकार मिळतात: रूटलेस (फोनचा सर्वाधिकार, म्हणजे 'रूट', न घेता चालणारा), लाइट आणि पूर्ण. आमच्या रबाळ्याच्या ऑफिसात नवी मुलं विचारतात, "दादा, कुठला टाकू?" मी उलट विचारतो, "याच फोनवरून यूपीआय करतोस ना?"

उत्तर 'हो' असेल, तर रूटलेस. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानातून टर्मक्स (फोनवरचं लिनक्स टर्मिनल) घ्यायचं, नेटहंटरचा इन्स्टॉलर चालवायचा आणि घरच्या वायफायवर निवांत डाउनलोड होऊ द्यायचं. फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरला हात लागत नाही, बँकेचं ॲप कुरकुरत नाही. कंटाळा आला की टर्मक्स उडवा, विषय संपला. आत 'रूट' म्हणून बसता येतं, पण तो नाटकातला राजा, मुकुट पुठ्ठ्याचा. रॉ सॉकेट (नेटवर्कची पाकिटं स्वतः घडवायची मुभा) मिळत नाही, म्हणून एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या हत्याराला साध्या कनेक्ट स्कॅनवर भागवावं लागतं. कच्च्या जागांवर हल्ला करून बघणारं मेटास्प्लॉइट चालतं, पण डेटाबेसविना. वायफायचा मॉनिटर मोड (आसपासची सगळी वायफाय पाकिटं ऐकणं) विसराच.

आणखी एक त्रास. अँड्रॉइड १२ पासून ॲपनी मागे सुरू केलेल्या प्रोसेस ३२ च्या वर गेल्या की सिस्टम त्या मारते. एकदा रबाळ्याला ठाणे लोकल पकडली, बसायला जागा मिळाली म्हणून अपग्रेड लावलं. ऐरोली गेलं, दिघा गाव यायच्या आत स्क्रीनवर 'सिग्नल ९' आणि सगळं ठप्प. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून ही मर्यादा काढता येते.

लाइटला रूट लागतं, पण खास कर्नल (सिस्टमचा गाभा) नाही. म्हणजे रूटची जोखीम पुरती घ्यायची आणि वायफाय इंजेक्शन (आपली पाकिटं हवेत सोडणं) तरीही नाही. तुमच्या मॉडेलचा कर्नलच नसेल तरच याचा विचार करा.

खरी मजा पूर्ण नेटहंटरमध्ये. ओटीजीला, म्हणजे फोनच्या यूएसबी पोर्टला, चालणारा वायफाय अडॅप्टर लावला की मॉनिटर मोड मिळतो. केबलने लॅपटॉपला जोडला की लॅपटॉप फोनलाच कीबोर्ड समजतो आणि आपण न शिवता त्यावर अक्षरं उमटू लागतात. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. पण बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, सॅमसंगचा सुरक्षेचा पहारेकरी नॉक्स एकदा ट्रिप झाला की परत येत नाही आणि बँकांची बरीच ॲप रूट दिसताच दार लावून घेतात. म्हणून हा प्रकार जुन्या, दुसऱ्या फोनवरच. सरावही घरच्या राउटरवर. सोसायटीच्या वायफायला परवानगीशिवाय हात लावलात तर आयटी कायद्याचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

सेकंडहँड फोन घेताना मी एकदा हात पोळून घेतलेत. गोखले रोडवरून हौसेने आणलेल्या फोनचा बूटलोडर शेवटपर्यंत उघडला नाही. आता त्यावर आई भजनं ऐकते. तेव्हा आधी नेटहंटरच्या यादीत नेमका मॉडेल नंबर आणि अँड्रॉइडची आवृत्ती सापडते का ते बघा, आणि दुकानात उभं राहूनच डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडायची परवानगी) चालू होतंय का ते तपासा. बटण फिकं दिसलं तर फोन काउंटरवर परत ठेवा.