मधल्या सुट्टीपासून सातवीपर्यंत : ‘वन सॅटर्डे मॉर्निंग’चे दोन तास

महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या पिढीला शनिवारची सकाळ म्हटली की सकाळची शाळा आठवते. सातच्या ठोक्याला पांढऱ्या गणवेशात कवायत आणि दुपारी घरी येताना अर्धी सुट्टी सुरू झाल्याचा आनंद. दूरदर्शनपुढे बसून व्यंगचित्रे पाहण्याचा वार होता रविवार. त्यामुळे नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत संसार थाटल्यावर, इथल्या मुलांच्या लेखी आठवड्याचा राजा शनिवारच आहे आणि त्याचेही पहिले काही तासच आहेत, हे समजायला मला वेळ लागला. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी १९६०च्या दशकापासून शनिवार सकाळ मुलांच्या व्यंगचित्रांसाठी राखून ठेवलेली होती. त्या परंपरेतला मी जवळून पाहिलेला आणि आज नातवाबरोबर पुन्हा पाहत असलेला कार्यक्रम-संच म्हणजे डिस्नेचा ‘वन सॅटर्डे मॉर्निंग’. हे परीक्षण त्याचे आहे, सुट्या मालिकांचे नव्हे, कारण या मालिका एकमेकींच्या शेजारी असताना जे सांगतात ते एकेकटीने पाहिल्यावर पुरते हाती लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

एबीसी ही वाहिनी १९९६ मध्ये डिस्नेच्या ताब्यात आली आणि १३ सप्टेंबर १९९७ रोजी तिच्यावर हा दोन तासांचा संच सुरू झाला. वॉर्नर ब्रदर्समधून आलेल्या पीटर हेस्टिंग्ज यांच्याकडे त्याची आखणी होती. पहिल्या हंगामाचा कणा तीन विनोदी मालिकांचा होता : ‘डग’, ‘रिसेस’ आणि ‘पेपर अ‍ॅन’. त्याच सुमारास सरकारी नियम कडक झाला होता. मुलांच्या दूरचित्रवाणीविषयीचा कायदा १९९० सालचा असला, तरी प्रत्येक वाहिनीने आठवड्याला तीन तास मुलांसाठी शैक्षणिक आशय दाखवावा, ही अपेक्षा १९९६ मध्ये स्पष्ट झाली आणि १९९७च्या सप्टेंबरपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. अशा वेळी ‘शैक्षणिक’ या शब्दाने आईवडील खूश होतात आणि मुले दुसरी वाहिनी लावतात. या तीन मालिकांनी शिकवण कथेच्या पोटात ठेवली, तिचा फळा करून पुढे उभा केला नाही, म्हणून माझी मुलगी जागची हलली नाही.

ती तेव्हा चौथीत होती आणि ‘रिसेस’मधली मुलेही चौथीतली. पॉल जर्मेन आणि जो अन्सोलाबेहेरे यांनी निर्माण केलेल्या या मालिकेच्या नावाचा अर्थ मराठीत नेमका ‘मधली सुट्टी’. थर्ड स्ट्रीट शाळेचे मैदान, त्यावरचे सहा मित्र आणि सुट्टीचा तेवढाच वेळ, एवढ्या भांडवलावर तिने १९९७ ते २००१ या काळात एक अख्खे राज्य उभे केले. मी ‘राज्य’ हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. या मैदानावर सहावीतला किंग बॉब खरोखर राज्य करतो, न्यायनिवाडा करतो, फर्माने काढतो. बालवाडीतली मुले तोंडाला रंग फासून रानटी टोळीसारखी धावत सुटतात. सतत खड्डे खणणारी दोन मुले आहेत, झोपाळ्यावरून वरच्या दांडीपलीकडे पूर्ण गिरकी घ्यायची एवढाच ध्यास घेतलेली एक मुलगी आहे आणि मिस फिन्स्टर बाईंच्या कानाशी लागणारा रँडल आहे. रँडलला माझ्या मुलीने पहिल्याच भागात ‘चोमडा’ म्हटले होते. हा शब्द ती घरात शिकली होती आणि तो नेमक्या जागी वापरण्याची संधी तिला त्या दिवशी मिळाली. लगोरी किंवा डबा ऐसपैस खेळलेल्या कोणालाही हे मैदान परके वाटणार नाही. राज्य कोणावर, भिडू कोण निवडणार, नव्या मुलाला खेळात कधी घ्यायचे, हे आमच्याही मैदानावर असेच ठरत असे आणि त्या नियमांपुढे शिक्षकांचे काही चालत नसे.

या मालिकेचे सामर्थ्य एका गोष्टीवरून सांगते. गस हा सैन्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. वडिलांच्या बदल्यांमुळे त्याची शाळा वरचेवर बदलते. तो थर्ड स्ट्रीटला येतो तेव्हा मैदानाचा रिवाज असा, की नवीन आलेल्याला नावच नसते. पुढचा नवा मुलगा येईपर्यंत सगळ्यांनी त्याला ‘नवा मुलगा’ असेच म्हणायचे. त्यात मारहाण नाही, शिवीगाळ नाही, फक्त नाव हिरावून घेणे आहे. परदेशात आल्यावर ज्या मुलांच्या नावांचे उच्चार वर्गात मोडले गेले, ज्यांनी ‘तुम्हाला सोपे जाईल ते म्हणा’ असे सांगून टाकले, त्यांच्या आईवडिलांनी हा भाग अवश्य पाहावा. तो पाहताना माझी मुलगी पालथी पडून, हनुवटी तळहातांवर टेकवून बसली होती आणि बशीतले पोहे तसेच गार होत होते. तिने मागे वळून मला एवढेच विचारले, की त्याने बाईंना सांगितले तर बाई त्याचे नाव परत देतील का. मालिकेचे उत्तर असे, की बाईंच्या हातात ते नसते, आणि मुलांना हे उत्तर पटते कारण ते खरे आहे.

सहा जणांची घडणही काळजीपूर्वक केलेली आहे. टी. जे. पुढारी असला तरी प्रत्येक वेळी बरोबर नसतो. मायकी आडदांड देहाचा पण मनाने कवी आहे आणि त्याच्या गाण्यासाठी रॉबर्ट गूले यांच्यासारख्या कसलेल्या गायकाचा आवाज वापरला आहे. ग्रेचेन हुशार आहे, पण तिच्या हुशारीची टिंगल कथा स्वतः कधी करत नाही. विन्स हा उत्तम खेळाडू असलेला कृष्णवर्णीय मुलगा या सहांमध्ये तितक्याच हक्काने वावरतो. आणि आडनावानेच ओळखली जाणारी दांडगी स्पिनेली! तिचे पहिले नाव अ‍ॅशली आहे हे ती लपवते, कारण शाळेत अ‍ॅशली नावाच्या चार शिष्ट मुलींचा कंपू आहे आणि त्यांच्यात गणले जाणे ही तिच्या लेखी सर्वांत मोठी नामुष्की आहे. जुन्या गंजक्या खेळ-सांगाड्यावर मुले चढून बसतात आणि तो पाडू नये म्हणून खाली उतरायला नकार देतात, तो भाग मी तीन वेळा पाहिला आहे. संपाचे आणि धरण्याचे इतके साधे आणि इतके सरळ चित्रण मोठ्यांच्या मालिकांतही क्वचित पाहायला मिळते.

‘पेपर अ‍ॅन’ ही सू रोझ यांची निर्मिती. डिस्नेच्या दूरचित्रवाणीसाठीच्या व्यंगचित्र मालिकांमध्ये एका स्त्रीने निर्माण केलेली ही पहिली मालिका, आणि हे तिच्या प्रत्येक भागात जाणवते. बारा वर्षांची, चष्मा लावणारी, लाल केसांची पेपर अ‍ॅन पिअर्सन हेझलनट मिडल स्कूलमध्ये शिकते. आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे. आई मॉलमधल्या दुकानात नोकरी करते आणि स्केटबोर्डवर फिरणारी, कमी बोलणारी, ‘मूस’ नावाने ओळखली जाणारी धाकटी बहीण घरात आहे. घटस्फोटाला या मालिकेने ना लपवले ना त्याचे रडगाणे केले. आई दमून घरी येते, मुलीशी भांडते, चुकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाते. १९९७ साली मुलांच्या कार्यक्रमात नोकरदार आईचे असे चित्र मला तरी दुसरीकडे दिसले नव्हते. वयात येण्याच्या सुमारास शरीरात होणारे बदल, मैत्रिणींमधली चढाओढ, आरशातल्या स्वतःशी चाललेला वाद, हे सगळे विनोदाच्या अंगाने पण न लाजता मांडलेले आहे. आमच्या घरी या विषयांवरचे पहिले बोलणे या मालिकेमुळे सुरू झाले, आणि ते सुरू करण्याचे काम मला एकटीला करावे लागले नाही, याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

शीर्षकगीताच्या शेवटी पेपर अ‍ॅन वर्गात बाकाखाली हात घालते आणि दर वेळी तिला तिथे काहीतरी वेगळे सापडते. माझी मुलगी ते गीत सुरू झाले की सापडणारी वस्तू आधी ओळखायचा प्रयत्न करत असे आणि चुकली की तिला अधिकच आनंद होत असे. परवा आठ वर्षांच्या नातवाने कोणी न सांगता अगदी हेच सुरू केले. मालिकेचे सगळे भाग मात्र सारख्या ताकदीचे नाहीत. स्वप्नदृश्यांची हौस काही ठिकाणी इतकी वाढते की मूळ गोष्ट मागे पडते, आणि नंतरच्या हंगामांत हा दोष अधिक ठळक होतो.

‘डग’बद्दल थोडक्यात. जिम जिंकिन्स यांची ही मालिका आधी १९९१ ते १९९४ या काळात निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर झाली होती. पुढे डिस्नेने त्यांची संस्था विकत घेतली आणि १९९६ पासून नवे भाग एबीसीवर येऊ लागले. डगची रोजनिशी, पोर्कचॉप हा कुत्रा, निळ्या रंगाचा मित्र स्कीटर, आणि पॅटीला पाहून जीभ अडखळणे हे सगळे नव्या भागांतही आहे. पण मूळ मालिकेतला संथपणा, लहानशा संकोचाभोवती रेंगाळण्याची तिची सवय, इथे हरवली आहे. डगचा आवाजही बदललेला आहे आणि नव्या शाळेच्या इमारतीला एका श्रीमंत वर्गमैत्रिणीच्या डोक्याचा आकार देण्यासारख्या कल्पना चित्रात गमतीदार दिसल्या तरी मनाला लागत नाहीत. तीन मालिकांत ही सर्वांत कमकुवत, असे मी तेव्हाही म्हणत होते आणि आता पुन्हा पाहिल्यावरही मत बदललेले नाही.

तरीही तिची जागा या संचात योग्य होती. मधल्या सुट्टीतली चौथीतली टोळी, मनातल्या मनात झुरणारा लाजाळू मुलगा, आणि घरातल्या-बाहेरच्या दोन्ही आघाड्यांवर लढणारी बारा वर्षांची मुलगी ही एकाच मुलाच्या आयुष्यातली पुढची तीन-चार वर्षे आहेत. चौथीतल्या मुलीला एका सकाळी आजचे मैदान आणि उद्याची शाळा दोन्ही दिसत होते.

मालिकांच्या मधल्या जागा भरण्याची पद्धत मात्र मला कधी पूर्ण रुचली नाही. पहिल्या वर्षी चार्ली नावाची सूत्रसंचालक मुलगी आणि संगणकावर रचलेला जेली रोल नावाचा हत्ती एका काल्पनिक इमारतीत वावरत आणि मधूनमधून छोटी प्रहसने होत. त्यांपैकी रॉबिन विल्यम्स यांच्या आवाजातला, ‘अलादीन’ चित्रपटातला जिनी इतिहासातल्या थोरांची ओळख करून देई, तो भाग उत्कृष्ट होता. आठवड्यातून एकदा, काही मिनिटांत, एक माणूस आणि त्याची एक कल्पना, इतके मोजके ते असे. पॉल रग यांचा ‘मॅनी द अनकॅनी’ वेगवेगळ्या कामाच्या ठिकाणी जाऊन प्रश्न विचारत असे. मुले त्याला हसत, पण त्याच्या आरडाओरड्यात त्या कामाची माहिती बुडून जाई. त्यात जाहिरातींची भर. खेळणी आणि न्याहारीची गोड सीरियल यांच्या जाहिराती इतक्या, की दोन तासांतला मोठा वेळ त्यांनीच खाल्ला, आणि आमच्या घरातली दर शनिवारची कुरबूर व्यंगचित्रांवरून कधीच झाली नाही, ती या जाहिरातींवरूनच झाली.

पुढच्या वर्षांत ‘मिकी माऊस वर्क्स’, ‘द वीकेंडर्स’, ‘टीचर्स पेट’ अशा मालिका येत गेल्या आणि सूत्रसंचालनाचा भाग आटत गेला. ‘द वीकेंडर्स’ चांगलीच होती, पण तीन मालिकांनी मिळून बनलेला सुरुवातीचा आकार तोवर विस्कटला होता. सप्टेंबर २००२ मध्ये ‘एबीसी किड्स’ या नावाने दुसरा संच आला. मोठ्या वाहिन्यांवरची ही परंपराही पुढे फार टिकली नाही. ‘द सीडब्ल्यू’ वाहिनीवरचा ‘व्होर्टेक्स’ हा शेवटचा संच २७ सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाला.

आज अमेरिकेत ‘डिस्ने प्लस’वर या तिन्ही मालिका जाहिरातींशिवाय पाहता येतात, ही मोठी सोय आहे. पण तिथे त्या स्वतंत्र कप्प्यांत आहेत आणि एक भाग संपला की त्याच मालिकेचा पुढचा आपोआप सुरू होतो. नातवाने पहिल्या शनिवारी ‘रिसेस’चे सलग पाच भाग पाहिले आणि नंतर त्याला एकाचीही गोष्ट नीट सांगता येईना. पुढच्या शनिवारपासून रिमोट मी माझ्याकडे घेतला. आधी ‘डग’चा एक भाग, मग ‘रिसेस’चा, शेवटी ‘पेपर अ‍ॅन’चा, आणि मधल्या वेळात खाणे आणि बोलणे. बहुतेक भाग साधारण बावीस मिनिटांचे असल्याने सव्वा-दीड तासात सगळे आटोपते. ‘रिसेस’ सात वर्षांपुढच्या मुलांना निर्धास्त दाखवावी. ‘पेपर अ‍ॅन’ आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर पाहताना मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी असावे, कारण प्रश्न येतात आणि ते तिथल्या तिथे विचारले जातात. गसला त्याचे नाव मिळायला दुसरा नवा मुलगा येईपर्यंत का थांबावे लागते, हा प्रश्न मागच्या शनिवारी मला पुन्हा विचारला गेला. या वेळी उत्तर नातवाच्या आईने दिले.