सरकारी टॅक्स पोर्टलवर व्याज दाखवणं: फुकट आहे, चांगलंय, पण आयता आकडा नीट बघून घ्या

आमच्या घरातले सगळे रिटर्न मी इन्कम टॅक्सच्या सरकारी ई-फायलिंग पोर्टलवरच भरते. पैसे लागत नाहीत, आधार लिंक असलं की ओटीपीवर सगळं होतं. पगाराचा भाग फॉर्म १६ (कंपनी देते ते पगार आणि कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट) वरून बराचसा भरलेलाच येतो, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा व्याजाची, म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्याचाच.

आधी एक सांगते कारण दरवर्षी नातेवाईकांचे फोन येतात. एफडीवर टीडीएस (व्याज देतानाच बँक कापून ठेवते तो टॅक्स) कापलाय म्हणजे विषय संपला असं नसतं हो. बँक कापते १० टक्के, तुमचा स्लॅब, म्हणजे उत्पन्नानुसार टॅक्सचा दर, २० किंवा ३० टक्क्यांचा असेल तर उरलेला टॅक्स तुम्हालाच भरायचाय. आणि टीडीएस कापलाच नाही म्हणजे व्याज माफ, असंही नाही. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या व्याजावर टीडीएसची मर्यादा ५० हजार झाली, ज्येष्ठांना १ लाख, पण ती फक्त कापण्याची मर्यादा, व्याज पहिल्या रुपयापासून उत्पन्नात धरायचं. क्युम्युलेटिव्ह एफडीवालेही (व्याज साठत जाऊन शेवटी एकदम मिळतं ती) इथेच फसतात, पैसे हातात येणार पाच वर्षांनी पण बँक दरवर्षीचं व्याज दरवर्षी इन्कम टॅक्सला कळवून मोकळी होते.

आता पोर्टल. आयटीआर १ (पगार-पेन्शनवाल्यांचा साधा रिटर्न फॉर्म) मध्ये इतर उत्पन्नाचा जो भाग आहे तिथे सेव्हिंगचं व्याज वेगळं, एफडी-आरडीचं वेगळं आणि टॅक्स रिफंडवर मिळालेलं व्याज वेगळं टाकायचं. हे वेगळं करणं मला आवडलं, कारण जुन्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती आहेत) 80टीटीए या कलमाची १० हजारापर्यंतची सूट फक्त सेव्हिंगच्या व्याजाला आहे, एफडीला नाही. ज्येष्ठांना 80टीटीबी, ५० हजारापर्यंत, त्यात एफडीही येते. नव्या रिजीममध्ये दोन्ही नाहीत, आणि आता नवी रिजीमच डिफॉल्ट आहे. तिथला प्रश्न पण काय उलटा विचारलाय, नव्या रिजीममधून बाहेर पडायचंय का. म्हणजे हो म्हटलं की जुनी! माझ्या बाबांसारख्या माणसाने काय समजायचं, ते आपले नवं नको म्हणून पटकन 'नाही' वर दाबणार.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एआयएस, म्हणजे बँका वगैरेंनी तुमच्याबद्दल इन्कम टॅक्सला कळवलेल्या माहितीची पोर्टलवरची यादी. पीडीएफ उतरवली तर पासवर्ड म्हणजे लहान लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख, पण मी स्क्रीनवरच बघते, बँकेच्या नावावर क्लिक केलं की खात्यागणिक व्याज उलगडतं. एकाच एफडीचं व्याज टीडीएसच्या भागातही दिसतं आणि बँकेने कळवलेल्या माहितीतही दिसतं, ते बघून घाबरून दोन्हीची बेरीज करू नका. टीआयएस नावाचा त्याचाच सारांश आहे, त्यात अशा जोड्या बऱ्याचदा एकत्र केलेल्या असतात आणि तिथूनच आकडा रिटर्नमध्ये येतो. बऱ्याचदा म्हणते, नेहमी नाही. आईच्या एका बँकेने तेच व्याज दोनदा कळवलं होतं आणि ते तसंच बेरजेत आलं होतं, मग तिथेच फीडबॅकमध्ये नोंद डुप्लिकेट आहे हा पर्याय निवडला आणि रिटर्नमध्ये सर्टिफिकेटप्रमाणे खरा आकडा टाकला. आयता आलेला आकडा बदलता येतो बरं का, कितीतरी जणांना वाटतं तो लॉक असतो.

उलटी बाजूही आहे. कोणी कळवलंच नाही तर पोर्टलला कळणार कसं? पतपेढीत ठेव असेल तर पासबुक घेऊन बसा, तिथलं व्याज एआयएसमध्ये नसलं तरी दाखवायचंच आहे. पोर्टल काही विचारत नाही की बाई गं अजून कुठे ठेवी आहेत का. मार्च संपला की प्रत्येक बँकेच्या ॲपमधून इंटरेस्ट सर्टिफिकेट काढून एका फोल्डरमध्ये टाकलं की पुढचं काम चहा पिता पिता होतं. पीपीएफचं व्याज करमुक्त, पण तेही एक्झेम्प्ट उत्पन्नाच्या रकान्यात टाकायचं.

भाषा हा माझ्या दृष्टीने मोठा वजाबाकीचा मुद्दा. मेनू काय तो समजेल, पण एआयएस मधले प्रोसेस्ड व्हॅल्यू, डिराइव्हड व्हॅल्यू असले शब्द घरच्या ज्येष्ठांना कोण समजावणार. पाचात चार दिले असते, या एकाच गोष्टीसाठी साडेतीन.

पगार किंवा पेन्शन आणि थोड्या एफड्या, एवढंच असेल तर एजंटला पैसे द्यायची काहीच गरज नाही. शेअर्सची खरेदी-विक्री, परदेशातलं खातं वगैरे असेल तर सरळ सीए गाठा, आयटीआर १ बहुतेकदा तुमच्यासाठी नसतो (लिस्टेड शेअर्सवरचा सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा तेवढा त्यात चालतो). आणि सबमिट झालं की लगेच उठू नका, ई-व्हेरिफाय (रिटर्न तुमचाच आहे हे ओटीपीने पक्कं करणं) तिथल्या तिथे करून टाका, त्याला ३० दिवस असतात पण नंतर करू म्हटलं की राहतंच.