गिरगावातला बाइंडर आणि हॅम्पडेनचं चरित्र

ठाकुरद्वारच्या नाक्यावरून आत गेलं की एका चाळीच्या तळमजल्यावर हे बाइंडिंगचं दुकान आहे. पाटी नाही. दारात पुठ्ठ्यांची चळत दिसली की समजायचं. मी तिथे वडिलांचं एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं, जॉन हॅम्पडेनचं जुनं चरित्र. कणा गेलेला, शिलाई उसवलेली, मधले दोन फर्मे (घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे) तर सुटे होऊन हातात येत होते.

नेमकं त्याच पानांत जहाजपट्टीचं प्रकरण आहे. माझी सगळी नोकरी विक्रीकर खात्यात गेली, म्हणून ते मला फार जवळचं. लढाईच्या काळात आरमारासाठी किनाऱ्यावरच्या गावांकडून घ्यायचा हा पैसा इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सने १६३५ मध्ये आतल्या मुलखावरही बसवला. पार्लमेंटला विचारायचा प्रश्नच नव्हता, १६२९ पासून त्याने ते बोलावलंच नव्हतं. हॅम्पडेन बकिंगहॅमशरचा मोठा जमीनदार, पक्का प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा. त्याच्या एका जमिनीवर आकारणी झाली २० शिलिंग. एवढे पैसे तो सहज भरून मोकळा झाला असता, पण त्याने खटला अंगावर घेतला. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने गेले, ५ हॅम्पडेनच्या. तो हरला, पण पाच न्यायाधीश राजाविरुद्ध उभे राहिलेले लोकांनी पाहिले आणि पुढे वसुली ढेपाळत गेली. १६४१ मध्ये पार्लमेंटने ती पट्टीच बेकायदा ठरवली. ज्याच्या हातात वसुलीचा शिक्का आहे, त्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

वडिलांनी तिथे समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘बार्डोली, १९२८’. सारावाढीविरुद्धचा तो लढा त्यांना आठवला असणार. अक्षरं अगदी कडेला आहेत. बाइंडरने पुस्तक हातात घेतलं, पानं उलटली आणि म्हणाला, “काका, कटिंग मशीनला लावलं तर हे लिहिलेलं जाईल. कडा वेड्यावाकड्या राहिल्या तर चालेल ना?” मी न सांगता त्याच्या हे लक्षात आलं, यासाठीच हा अभिप्राय लिहितोय.

काम पक्कं जुजबंदीचं. प्रत्येक फर्मा हाताने शिवलाय, फाटक्या घड्यांना आतून पातळ कागदाची पट्टी लावलीय. पुस्तक आता टेबलावर सपाट उघडं राहतं. १६४३ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या युद्धात, चॅलग्रोव्हच्या लढाईत हॅम्पडेन जखमी झाला आणि थोड्याच दिवसांत गेला, तिथपर्यंत एकही पान निसटत नाही. (त्या राजाच्याच मुलाला पुढे आपली मुंबई आंदणात मिळाली, हे वाचताना सारखं मनात येतं.)

कण्यावरची सोनेरी अक्षरं मात्र किंचित तिरकी बसलीत. कबूल केलेल्या तारखेलाही पुस्तक मिळालं नाही, फोन करावे लागले. ४५० रुपये घेतले, हाताच्या कामाला ते जास्त नाहीत.

जाणार असाल तर रेक्झिन नको, कापडी पाठ हवी, असं आधीच सांगा. आणि पावसाळ्यात शक्यतो देऊ नका, खळ नीट वाळत नाही.