केबलच्या नेटला आर्चर सी६: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

टीपी-लिंकचा आर्चर सी६ कोल्हापुरात केबलच्या नेटवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर हे लिहितोय. कनेक्शन १५० एमबीपीएसचं, घर खाली-वर दोन मजल्यांचं, भिंती विटांच्या, मधे स्लॅब. निकाल आधीच सांगतो: एवढ्या कनेक्शनला हा राउटर पुरून उरतो. पण दुकानात जायच्या आधी केबलवाला तुमच्या घरात नेमकं काय आणून सोडतो ते बघा. राउटरची निम्मी निवड तिथंच होते.

टीव्हीच्या केबलसारखी जाड गोल वायर घरात येत असेल तर तिच्या टोकाला केबल मॉडेम असतो. तो काढायचा नाही, राउटर त्याच्या पुढं लागतो. फायबर असेल तर ओएनयूची, म्हणजे फायबरच्या मॉडेमची, पांढरी डबी असते. आणि पेठांमधून अजून बऱ्याच ठिकाणी शेजारच्या गच्चीवरच्या पेटीतून साधी लॅनची वायर खिडकीतून आत आलेली असते, सोबत युजरनेम-पासवर्ड. तिन्ही प्रकारांत राउटरला लॅनच्या जॅकचा वॅन पोर्ट (बाहेरचं नेट आत घेणारा) पाहिजे. "आमच्याकडं जुना पडून आहे, घेऊन जा" म्हणून पाहुण्यांकडून येतो तो बहुधा टेलिफोनच्या बारक्या जॅकचा असतो, इथं तो राउटर म्हणून चालत नाही.

खोक्यावरचं "एसी१२००" वाचून घेऊ नका. त्याच कंपनीचा आर्चर सी५०सुद्धा एसी१२००च आहे, पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. अशा पोर्टातून चांगल्यात चांगली वायर लावली तरी ९४-९५ च्या वर जात नाही. प्लॅन १०० चा असेल तर काही बिघडत नाही, १५०-२०० चा असेल तर वरचे पैसे दर महिन्याला पाण्यात. सी६ ला एक वॅन आणि चार लॅन, पाचही पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत, आणि दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळणाऱ्या राउटरमध्ये मला हाच मुद्दा मोठा वाटतो. १२०० हा आकडा म्हणजे वायफायच्या दोन बँडची, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची, ११६७ ही बेरीज वर ओढलेली. मोबाईल एका वेळी एकाच बँडवर असतो, आणि ८६७ ची जोडणी दिसली तरी हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. अँटेना चार आहेत की सहा, यावरून काहीच ठरवू नका.

आता ज्याच्यावरून राउटर उगाच बदनाम होतो ते. गिगाबिट राउटर लावला, प्लॅन १५० चा, आणि स्पीड टेस्ट ९४ वरच अडकतोय, तर आधी वायरचा जॅक डोळ्यांसमोर धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ वायरी दिसल्या पाहिजेत. पुष्कळदा चारच बसवलेल्या असतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या खाचेत, कारण १०० एमबीपीएसला तेवढ्या पुरतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी जरी तुटली तरी राउटर बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतो, कुठलीही सूचना येत नाही. क्लिप खाली आणि सोनेरी पिना वर धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. बाहेरच्या वायरीचा जॅक जुलै-ऑगस्टच्या झडीत ओलावा धरतो, पिनांवर हिरवट थर चढतो आणि नेट दर थोड्या वेळानं तुटायला लागतं. घासत बसू नका, टोक छाटून नवा जॅक मारून घ्या. वायर खिडकीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी बाहेरच टपकतं.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो लॉगिनमध्ये. लॅनच्या वायरीवर बहुतेक पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट उघडायची पद्धत) असतं: सेटिंगमध्ये इंटरनेट टाइप पीपीपीओई, मग युजरनेम-पासवर्ड. सगळं बरोबर टाकूनही लॉगिन नाकारलं जात असेल तर दोन कारणं संभवतात. जुन्या राउटरचं सेशन तिकडं अजून उघडं असेल, तेव्हा जुना बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. किंवा केबलवाल्याकडं जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) बांधलेला असेल. मग एक तर फोन करून नवा पत्ता नोंदवा, नाही तर जुन्याच्या स्टेटस पानावरचा वॅनचा मॅक पत्ता नव्याच्या 'मॅक क्लोन' सेटिंगमध्ये टाका. केबल मॉडेम असेल तर राउटर बदलल्यावर मॉडेम पाचेक मिनिटं वीज काढून ठेवा, कारण पुष्कळ मॉडेम आधी जोडलेलं उपकरणच धरून बसतात. सी६ चा इंटरनेटचा दिवा इथं कामाचा आहे. नारंगी म्हणजे वायर जोडलेली आहे पण नेट नाही; दोष लॉगिनमध्ये किंवा पलीकडं. हिरवा म्हणजे नेट आलं. दिवाच नाही तर आधी वायर बघा.

ओएनयू स्वतःच वायफाय देत असेल तर दोन राउटर एकामागं एक होतात. सी६ चा पत्ता मुळात १९२.१६८.०.१ असतो, ओएनयूचाही तोच असेल तर भांडण लागतं. सोपा उपाय म्हणजे सी६ ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वायफाय देण्यापुरता) टाकायचा आणि ओएनयूचं वायफाय बंद करायचं. पॅरेंटल कंट्रोल वगैरे सी६ मधूनच हवं असेल तर केबलवाल्याला ओएनयू ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढं देणारा) करायला सांगा.

रेंजबद्दल खरं बोलायचं तर ५ गिगाहर्ट्झ दोन विटांच्या भिंतींनंतर दमतो आणि स्लॅबमधून वर अगदीच तुटपुंजा पोचतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींत तर पुढच्या सोप्यातला राउटर मागच्या स्वयंपाकघरात २.४ वरच दिसेल. मोबाईलमध्ये वायफाय ॲनालायझर टाका आणि खोलीखोलीत सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) बघा: उणे ५० च्या आसपास उत्तम, व्हिडिओ कॉलला उणे ६७ पर्यंत चालतं, उणे ७५ नंतर अडखळणार. राउटर टीव्हीच्या मागं, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटाशेजारी नको. घराच्या मधोमध, पाच-सहा फुटांवर. वरच्या मजल्यावर कवरेज हवं असेल तर रिपीटरच्या नादाला लागू नका. एकाच बँडवर घेऊन त्याच बँडवर देणारा रिपीटर स्पीड निम्मा करतो. जिन्यातून कॅट ६ वायर वर न्या आणि दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करा, स्वस्तातला चालेल.

२.४ वर चॅनल 'ऑटो' ठेवू नका. राजारामपुरीतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात. १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ४० केली की आकडा मोठा दिसतो आणि प्रत्यक्षात शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. ५ वर ३६ किंवा १४९. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक २.४ वरच जोडले जातात, त्यामुळं 'स्मार्ट कनेक्ट' (दोन्ही बँड एकाच नावाखाली आणणारी सोय) बंद ठेवून दोन्ही बँडना वेगळी नावं दिलेली बरी.

रात्री नऊनंतर नेट रांगायला लागलं की राउटरला शिव्या बसतात. लॅपटॉप थेट वायरीनं राउटरला लावून टेस्ट करा. वायरीवरही कमीच येत असेल तर अडचण केबलवाल्याच्या बाजूला आहे. एका लाइनवर गिऱ्हाइकं जास्त चढवली की असंच होतं. फुटबॉल वर्ल्ड कपच्या रात्री पेठेतल्या पेठेत सगळेच स्ट्रीम लावून बसणार, तेव्हा नवा राउटर आणूनही गोल उशिराच दिसणार. वायरीवर पूर्ण आणि वायफायवर कमी, तरच राउटर, जागा किंवा चॅनल बघायचा.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरनं सूत्रं घेईपर्यंतच्या क्षणभरात राउटर रिस्टार्ट होतो आणि पीपीपीओई परत जुळायला दोनेक मिनिटं जातात. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा त्रास संपतो. घेताना ॲडॅप्टरवरचा अँपिअर आकडा आणि पिनेची ध्रुवता (प्लस-मायनस) जुळवून घ्या, आणि मॉडेम किंवा ओएनयूलाही त्याच्यावर जागा आहे का ते बघा. गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप नसेल तर मात्र घरचा कुठलाही यूपीएस उपयोगाचा नाही. वळीव हे मोठं संकट. गच्चीवरून गच्चीवर गेलेली तांब्याची लॅन वायर विजेच्या कडकडाटात वॅन पोर्ट जाळते, आणि साधा सर्ज प्रोटेक्टर फक्त प्लगच्या बाजूचं बघतो. एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं की ॲडॅप्टरबरोबर ती वायरही काढा. फायबरला ही भीती नाही, काच वीज वाहत नाही.

सी६ कोणासाठी नाही? पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावायची असेल तर याला यूएसबी नाही, सी६यू घ्या. प्लॅन ३०० च्या वर असेल आणि घरात नवे मोबाईल-लॅपटॉप असतील तर वायफाय ६ चा बघा. आणि बाहेरून सीसीटीव्ही बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट उघडणं) करायचं असेल तर आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर केबलवाल्यानं एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटलाय. कितीही महाग राउटर आणला तरी पोर्ट उघडणार नाही. तिथं कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरा, नाही तर स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या सार्वजनिक पत्त्याचे, वेगळे पैसे भरा.

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना तळाच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन बघून त्याचीच फाइल घ्या. आणि मागचं रिसेटचं भोक दाबायच्या आधी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड लिहून ठेवा. रिसेटमध्ये तेही पुसलं जातं, आणि रविवारी केबलवाला फोन उचलत नाही.