स्मार्टसीटीएल आठ महिने वापरल्यावर: बाकी सगळं ठीक, तो 'पास्ड' शब्द काढा आधी

स्मार्टसीटीएल म्हणजे डिस्कची तब्येत तपासायची कमांड. घरच्या डेबियन (लिनक्स) सर्व्हरमध्ये 4 टीबीची डिस्क आहे. गेल्या महिन्यात रात्रीचा बॅकअप मध्येच अडकायला लागला, डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) मीडियम एरर, म्हणजे डिस्कवरची जागा वाचता येत नाही, आणि पुढे सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) नंबर. वॉरंटी होती म्हणून डिस्क काढून दुकानात नेली, तर तिथल्या पोराने हेल्थ बघितली, 'पास्ड' आलं, म्हणाला काका डिस्क ठणठणीत आहे. अरे पण खाली रिपोर्टमधल्या 197 नंबरला पेंडिंग, म्हणजे वाचता न येणारे, सेक्टर 8 दिसतायत त्याचं काय? 'पास्ड' म्हणजे एवढंच की कुठलाही आकडा कंपनीने ठरवलेल्या मर्यादेखाली गेलेला नाही. 35 मार्कांवर पास होणारा पण पासच की! पण दुकानदार तेवढी एकच ओळ वाचतो आणि आपण रिक्षाचे पैसे घालवून परत.

मग घरी स्मार्टसीटीएलने लाँग टेस्ट (आख्खी डिस्क वाचणारी) लावली, ती पहिल्या एररलाच थांबली, एलबीए (बिघडलेल्या सेक्टरचा नंबर) मात्र दिला. खराब जागांची पूर्ण यादी हवी म्हणून बॅडब्लॉक्स लावलं, नुसतं वाचायला नऊ तास (डॅश डब्ल्यू, म्हणजे लिहून तपासणं, चुकूनही देऊ नका, सगळा डेटा जाईल). मग त्या एलबीएतून पार्टिशनची सुरुवात 2048 वजा करून 8 ने भागलं (एका ब्लॉकमध्ये 8 सेक्टर), ईएक्सटी4 फाइलसिस्टिमचा ब्लॉक मिळाला, डीबगएफएसमध्ये आयचेक (ब्लॉकवरून फाइलचा आतला नंबर), मग एनचेक (त्या नंबरावरून नाव), आणि चक्क फाइलचं नाव समोर! कधीतरी उतरवलेली जुनी आयएसओ (सीडीची इमेज) निघाली, म्हणजे एवढं रामायण कशासाठी, तर त्या फाइलसाठी.

फाइल उडवून पेंडिंग जात नाही, त्या जागी लिहावं लागतं. एचडीपार्म कमांडने एक सेक्टर लिहायला गेलो तर एरर, कारण ते 8 म्हणजे आतून एकच 4 के चा सेक्टर, त्यातले 512 बाइट बदलायला ड्राइव्ह आधी आख्खा वाचायला बघते, आणि तो तर वाचताच येत नाही. डीडी कमांडने पूर्ण 4096 बाइट डायरेक्ट लिहिले, पेंडिंग शून्य. 5 नंबरचा रिअॅलोकेटेडही (बदली दिलेले सेक्टर) शून्यच राहिला.

वर जे चिडून लिहिलंय त्यातलं थोडं मागे घेतो. नंतर लॉग चाळला तर स्मार्टडी (मागे चालून डिस्कवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) तीन आठवडे दर अर्ध्या तासाने तेच सांगत होता, 8 सेक्टर वाचता येत नाहीयेत म्हणून. मेल सेट केला नव्हता मीच. तरी नवी डिस्क घेतलीच, आणि ही जुनी आता सिनेमांना, फेकवत नाही हो.