मांजराचा डोळा आणि माझे 20,049 रुपये

आकडा आधीच सांगून टाकला, म्हणजे पुढचं वाचताना "किती गेले असतील" असा अंदाज बांधत बसायला नको. आणि हेही सांगतो की मी एकतीस वर्षं बँकेत काढली. ओटीपी कुणाला देऊ नका, अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका, असं काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला बजावणारा मीच. हसायचं तर हसून घ्या. मुलगी दोन दिवस हसत होती.

पिठल्या आमचा पिवळा बोका, चार वर्षांचा, रस्त्यावरून आपण होऊन घरात शिरलेला. ऑगस्टमध्ये घराला रंग लावला तेव्हा आठ दिवस माळ्यावर दडून होता. खाली आला तो डावा डोळा बारीक करूनच. आधी नुसतं पाणी, मग पिवळा चिकटा, सकाळी पापण्या डकवल्यासारख्या. आमचे नेहमीचे डॉक्टर गावी गेलेले. सरकारी दवाखाना सकाळचा, आणि तिथे सगळी गर्दी गाई-शेळ्यांची. शिवाय मागच्या खेपेला पिठल्याने रिक्षाच्या सीटचं रेक्झिन फाडलं होतं, त्याचे 300 भरले होते. म्हणून शुक्रवारी रात्री मोबाइल घेऊन बसलो. आता वाटतं, त्यापेक्षा आणखी 300 परवडले असते.

"मांजरांच्या डोळ्यांचे तज्ज्ञ, घरबसल्या उपचार." फी 499. भरली. लगेच फोन आला. "काका, टेन्शन घेऊ नका, मी बघतो." स्वच्छ मराठी, आवाजात आपुलकी. फसवणारे हिंदीत बोलतात असं कुठेतरी डोक्यात बसलेलं असतं ना, ते तिथेच आडवं आलं.

आता जी गोष्ट आठवली की अजून रात्री झोप उडते ती सांगतो. त्याने डोळ्याचा व्हिडिओ मागितला. बायकोने पिठल्याला टॉवेलात गुंडाळून धरला, मी टॉर्च धरून काढला. 1 मिनिट 40 सेकंदांचा. पाठवला, दोन निळ्या खुणा उमटल्या आणि अकराव्या सेकंदाला उत्तर: "नीट पाहिलं. इन्फेक्शन आत गेलंय, उशीर केलात." अहो, अकरा सेकंदांत तू पाहिलंस काय? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता, खोटं कशाला बोलू! आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं: अनुभवी माणूस आहे, एका नजरेत कळत असेल. "उशीर केलात" या दोन शब्दांनी माझी बुद्धी गहाण पडली. तिथून पुढे मी विचार केलाच नाही, नुसते पैसे पाठवले.

त्याने बऱ्या झालेल्या मांजराचे दोन फोटो टाकले होते. पहिल्यात पांढरी मांजर, डोळा सुजलेला, एका कानाचं टोक कापलेलं. भटक्या मांजरांची नसबंदी झाली की खूण म्हणून तसं कापतात, आमच्या सोसायटीत तशा तीन आहेत. दुसऱ्या फोटोत डोळा स्वच्छ आणि कान अख्खा. डोळा बरा होता होता कानही उगवला! मी दोन्ही फोटो बायकोला दाखवून "बघ, किती फरक पडला" असं म्हणालो होतो.

त्याच रात्री "जर्मन ड्रॉप्स" म्हणून 3,250 आणि थंड पेटीचं डिपॉझिट 4,800, तीन दिवसांत परत मिळणार होतं. सोमवारी खरंच थर्माकोलची पेटी आली. पेटी आली म्हटल्यावर मी आणखीच निर्धास्त. दिवसातून चार वेळा थेंब. गुरुवारी डोळ्यावर निळसर धुरकट पडदा दिसायला लागला. फोन केला तर म्हणे डोळा काढावा लागेल, मुंबईहून टीम येईल, बुकिंगचे 11,500. रडवेला झालो होतो. पाठवले. शुक्रवारी कुणी आलं नाही, फोन बंद.

शनिवारी दुसऱ्या दवाखान्यात नेला. डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी काय केलं, तर पिठल्याला काट्यावर ठेवलं. 4 किलो 600 ग्रॅम. त्या भामट्याने वजन एकदाही विचारलं नव्हतं. मग डोळ्यात रंगाची पट्टी लावली, निळा दिवा धरला, आणि बुबुळावर हिरवा ठिपका चमकला. बुबुळावर व्रण. त्या म्हणाल्या, बऱ्याच मांजरांच्या अंगात लहानपणापासून हर्पीसचा विषाणू दबून असतो, ताण आला की उसळतो, रंगकामाचं निमित्त पुरेसं आहे. मग बाटली मागितली. फ्रिजमधल्या ओलीने लेबलचा कोपरा सुटला होता. त्यांनी नखाने ओढलं, तर खाली माणसांच्या डोळ्यांचं स्टेरॉइडचं औषध, छापील किंमत 78 रुपये. व्रणावर स्टेरॉइड म्हणजे जखम भरायची ती आणखी खोल जाते. चार दिवस ते माझ्याच हाताने मी घालत होतो. (घरातले जुने आयड्रॉप्सही मांजराला घालू नका, याच कारणासाठी.) मॅडमचं बिल, गळ्यातल्या कॉलरसकट, 1,140.

आता तक्रारीचं. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर 1930, त्यावर मी शनिवारी फोन केला, पहिले पैसे जाऊन आठ दिवस झालेले. तुम्ही पैसे गेल्या मिनिटाला करा, खातं गोठवता आलं तर तेव्हाच येतं. बँकेत गेलो. टेबलापलीकडचा पोरगा म्हणाला, "सर, व्यवहार तुम्हीच केलाय, पिन तुमचाच आहे." हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलंय! तेव्हा समोरचा माणूस असा का बघतो ते कळत नव्हतं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "मांजर कितीला घेतलं होतं?" म्हटलं, रस्त्यावरचं आहे. "मग एवढे पैसे कशाला घातले?" तक्रार मांजराची नाही, फसवणुकीची आहे, कलम 318 लावा, असं म्हटल्यावर "तुम्ही वकील का?" दोन तास बाकावर बसवलं. टाइप झालेला कागद वाचला तर त्यात "गुरांच्या औषधासाठी". दुरुस्त करा म्हटलं तर प्रिंटर बंद. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी कळलं की खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, "बघू". मी नेलेली बाटली कुणी हातात घेतली नाही. पुरावा घरीच जपून ठेवा म्हणाले.

त्याचा नोंदणी क्रमांक मी विचारलाच नाही. 1984च्या कायद्यानुसार जनावरांवर उपचार करायला पशुवैद्यकाची नोंदणी लागते, आपल्याकडे ती राज्याच्या परिषदेकडे असते. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो त्याला तिथेच सोडा. आणि चॅट पुसू नका. मी लाजेने अर्धं पुसलं, त्यात ते 11,500चं बोलणं गेलं.

पिठल्याचा डोळा वाचला. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग आहे. बाटली इडलीच्या पिठाशेजारी फ्रिजमध्ये, अजून कुणी न्यायला आलेलं नाही. आणि ती कान कापलेली पांढरी मांजर परवा दुसऱ्याच डॉक्टरच्या नावाने पुन्हा दिसली. फी आता 599 झाली आहे.