जिप्सीवर वाइडबँड सेन्सर: सेन्सर टिकला, घाम काढला तो वायरिंगनं

माझ्या जुन्या जिप्सी किंगला (१.३ लिटरचं जी१३बीबी इंजिन) स्टँडअलोन ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा, आपल्याला ट्यून करता येणारा इंजिनचा कॉम्प्युटर) बसवला, तेव्हाच बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर घेतला. हा सायलेन्सरच्या पाईपात बसतो आणि धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण सांगतो. सोबत तो आकडा मीटरला आणि ईसीयूला पोचवणारा कंट्रोलरही घेतला. त्यावर आता एक अख्खा पावसाळा, थंडी आणि उन्हाळा झाला. गाडी रोज कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीला जाते, सुट्टी मिळाली की गगनबावडा नाहीतर राधानगरी. उद्यमनगरात जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, "सेन्सर किती टिकतोय?" सेन्सर तोच आहे भावा, पहिल्या दिवशी लावलेला. वायरिंग तेवढं मुळापासून बदललंय.

पहिलं वायरिंग एका गॅरेजमध्ये करून घेतलं होतं. दिसायला एकदम देखणं, काळी स्लीव्ह वगैरे. डॅशबोर्डवरचा मीटर चोख चालायचा. लॅपटॉपवर ईसीयूचा आकडाही आयडलला मीटरशी जुळायचा. पण पावसात रात्री करूळ घाट चढताना ईसीयूला मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दिसायचं, तो पेट्रोल वाढवायचा, आणि मीटरचा काटा रिचकडे (पेट्रोल जास्त) सरकायचा. दिवसा कोरड्या रस्त्यावर सगळं गुण्यागोविंदानं.

कारण अर्थिंग. माझ्या कंट्रोलरचं आउटपुट ० ते ५ व्होल्ट, त्यावर एएफआर (हवा आणि पेट्रोलचं गुणोत्तर) १० ते २०. म्हणजे नुसत्या ०.१ व्होल्टचा फरक पडला की आकडा ०.२ नं सरकतो. कंट्रोलरची अर्थ डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला मारलेली, ईसीयूची इंजिनवर. रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम चालू झाले की त्या स्क्रूची पातळी इंजिनच्या मानानं वर उचलली जायची. कंट्रोलरचं बरोबर, ईसीयूचंही त्याच्या परीनं बरोबर, मधली अर्थ खोटी. मल्टीमीटरची एक पिन कंट्रोलरच्या अर्थला, दुसरी ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला लावली आणि हेडलाइटचं बटण दाबलं, तेव्हा उजेड पडला.

आता सेन्सरच्या आतल्या हीटरची अर्थ जाड वायरनं थेट इंजिन ब्लॉकवर, ईसीयूची पॉवर अर्थ आहे त्याच बोल्टला. सिग्नलची अर्थ वेगळी, ती ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. ज्यांच्या कंट्रोलरला एकच अर्थ आहे त्यांनी ती ईसीयूच्या अर्थ बोल्टवरच न्यावी. कॅनबसवर (म्हणजे डिजिटल सिग्नलनं) आकडा देणारा कंट्रोलर परवडत असेल तर तोच घ्या, व्होल्टेजचं हे झंझटच नको.

दुसरी गोष्ट कनेक्टरची. या सेन्सरमधून ५ वायरी निघतात, पण कनेक्टरला पिना ६. जास्तीच्या पिनेमागे एक रेझिस्टर असतो, त्या त्या सेन्सरसाठी कारखान्यातच जुळवलेला, कनेक्टरच्या पोटात. वायर पुरत नाही म्हणून कनेक्टर कापून टाकला की सेन्सरचं कॅलिब्रेशनही कचऱ्यात गेलं. गंमत म्हणजे हा घोटाळा लवकर कळत नाही. सेन्सर जो करंट पंप करतो त्यावरून मिश्रण ओळखलं जातं, आणि लॅम्डा १ ला (म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं असताना) तो करंट शून्य असतो. त्यामुळे तिथं चूकही दिसत नाही. ती दिसते फुल थ्रॉटलला, म्हणजे नेमकी जिथं पिस्टन जळायची भीती तिथं. उघड्या हवेत हा करंट जेमतेम अडीच मिलीअँप, आणि त्याच केबलमधून शेजारून हीटरचा करंट अँपिअरमध्ये धावतो. अशा ठिकाणी हिरवट पडलेली पिन किंवा ओला कनेक्टर काय करत असेल ते बघा. केबल वाढवायची तर कंट्रोलरच्या बाजूची, तीही कंपनीचीच. माझा कनेक्टर आता चेसिसच्या वर, तोंड खाली करून बांधलाय. आमच्याकडचा पाऊस खालूनही येतो.

सेन्सर टिकण्याचं श्रेय मी बसवण्याच्या पद्धतीला देतो. आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर, टोक खाली, म्हणजे पाईपमधलं पाणी आत साचत नाही. हा सेन्सर साधारण ७८० अंश सेल्सिअसला काम करतो, तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की तडा. म्हणून कंट्रोलरचा सप्लाय इग्निशनवर न ठेवता फ्युएल पंपाच्या रिलेवर घेतला. नुसती चावी फिरवून गाणी ऐकत बसलं तरी हीटर तापत नाही. उलट सेन्सर पाईपात आणि कंट्रोलर बंद, अशी गाडी मात्र चालवू नका, थंड सेन्सरवर काजळी बसते. सायलेन्सरच्या जोडाला सिलिकॉन सीलंट लावणाऱ्या मिस्त्रीचा हात तिथंच धरा, सिलिकॉननं सेन्सर मरतो.

आकडा वाचतानाही थोडं सबुरीनं घ्या. मिसफायर झाला की मीटर लीन दाखवतो, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असलं तरी तेच. दोन्ही वेळा पेट्रोल वाढवत बसलात तर प्लग काळे करून घ्याल.

आणि एएफआरपेक्षा लॅम्डा लावून ठेवा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं खरं गुणोत्तर १३.५ च्या आसपास, पण मीटर जुन्या पेट्रोलच्या हिशेबानं १४.७ च दाखवतो. शिरोलीतला माझा एक मित्र ते खरं मानून रोज वाद घालतो. लॅम्डा १ म्हटलं की वाद मिटतो, निदान चहा येईपर्यंत.

कंट्रोलरबद्दल तक्रार एकच. मीटरचा उजेड रात्री कमी होत नाही, घाटात डोळ्यांवर येतो. सध्या त्यावर काळ्या फिल्मचा तुकडा चिकटवलाय.